भाद्रपदातला आळ

आमच्या घरच्या ग्रुपवर गणेश चतुर्थीच्या दुपारी दरवर्षी एक मेसेज येतो. मोदकाचं चित्र, दोन्ही बाजूंना जास्वंद आणि खाली सूचना: आज चंद्रदर्शन करू नये, खोटा आळ येतो. त्याखाली चंद्र मावळायची वेळ. म्हणजे तोवर मान खाली घालून वावरायचं, मग मोकळे. कुणी ना कुणी तो पाठवतंच. यंदा पल्लवीताईने पाठवला. काकीने हात जोडले, आत्याने हात जोडले, माझ्या आईनेही स्वयंपाकघरातून हात जोडले. मी फोन पालथा ठेवला आणि दिवे लागायच्या वेळेला टेरेसवर गेले.

चतुर्थीचा चंद्र पाहण्यासारखा फार नसतो. कपाच्या कानाएवढा, पश्चिमेला, समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर टेकलेला. लोकांना वाटतं तो आत्ताच आला. खरं तर तो सकाळीच उगवलेला असतो, दिवसभर सूर्याच्या मागोमाग चालत असतो. उजेडात कुणाला दिसत नाही एवढंच. सूर्य जातो आणि तो एकटा उघडा पडतो. मग तासा-दोन तासांत तोही जातो. एवढ्याशा मुक्कामात त्याने कुणाचं काय बिघडवायचं?

हे सगळं मला चार वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. शाळेत शिकवलं होतं, पण इंग्रजीत, आणि गोल गोल आकृत्यांमध्ये. त्या आकृत्यांतला चंद्र पृथ्वीभोवती फिरायचा, पलूसजवळच्या आमच्या गावावरून कधी जायचा नाही.

बाबा सैन्यात. त्यांच्या बदल्यांच्या मागे माझी शाळा फरफटू नये म्हणून आई आणि मी सांगलीत राहिलो. गणपती मात्र गावी, थोरल्या काकांकडे. तिथे मी पाहुणी असायचे. मराठी बोलताना मध्येच अडायचे, आणि मी अडले की चुलतभावंडं एकमेकांकडे बघायची. म्हणून मी बोलणंच कमी केलं. गप्प माणसाला एक फायदा असतो: त्याला खूप दिसतं. काकीला राग आला की ती भांडी घासण्याऐवजी पुसत बसते. काका खोटं बोलायचे असले की आधी टोपी काढून पुन्हा घालतात. आत्या रडण्यापूर्वी पदर आधीच हातात घेऊन ठेवते.

पल्लवीताई ही काकांची मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मला न हसणारी ती एकटीच. रात्री माझ्या शेजारी गादी टाकायची आणि पांघरुणात तोंड घालून बोलायची. वडूजच्या एका मुलाबद्दल तिने पहिल्यांदा मला सांगितलं. तो तिकडे शेतीच्या औषधांचं दुकान चालवायचा. मुलगा आमच्यातलाच, पण घर साधं, जमीन कोरडवाहू. आमच्याकडे बारमाही ऊस. काकांच्या लेखी तेवढ्यावरच विषय संपला असता. दोन वर्षं ते मी कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. एवढी मोठी गोष्ट कुणीतरी आपल्याकडे विश्वासाने ठेवली आहे, याचा मला अभिमान होता. माझ्याकडे तेव्हा अभिमान वाटावा असं दुसरं काही नव्हतं.

त्या वर्षी तिला सैन्यातल्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा सुट्टीवर होता. पितृपंधरवड्यात असली बोलणी कुणी करत नाही, म्हणून पौर्णिमेच्या आत सुपारी फोडायची असं ठरलं. चंद्र भरायच्या आत सगळं उरकायचं होतं. मुलाची बहीण माझ्याच कॉलेजात, एक वर्ष पुढे. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. स्थळ जुळवताना त्याचा उपयोग होईल असं काकी कौतुकाने म्हणालीही होती.

चतुर्थीला संध्याकाळी ताईने मला माळवदावर बोलावलं.

"ताई, आज वर बघत नाहीत ना?" मी जिन्यातच थांबले.

"इंग्लिश मिडियमची तू, आन् चंद्राला भितीस?" ती हसली. "ये की गं."

तिने माझ्या हनुवटीखाली बोट घातलं आणि चेहरा वर उचलला. उसाच्या पलीकडे तो बारीकसा होता. खाली आरतीची तयारी चालली होती, निरांजनाच्या तुपाचा वास वरपर्यंत येत होता.

"झालं. आता दोघीबी चोर," ती म्हणाली. "दे तुझा फोन, फोटो काढते. माझ्या कॅमेऱ्यात नुसता धूर दिसतोय."

मी लॉक काढून फोन दिला. तेवढ्यात काकीने खालून हाक मारली, "सई, नारळ कोण फोडणार, तुझा बा?" मी खाली गेले. फोन आरतीनंतर परत मिळाला. त्यात चंद्राचे तीन फोटो होते. तिन्हींत काळ्यावर एक पांढरा डाग.

गौरी जेवणाच्या दिवशी काकांना फोन आला. ते अंगणात बोलले आणि आत आले तेव्हा टोपी हातात होती. मुलाच्या बहिणीला आलेल्या मेसेजचा फोटो तिच्या वडिलांनी पाठवला होता, तो त्यांनी सगळ्यांपुढे धरला. तुमच्या भावासाठी बघितलेल्या मुलीचं दुसरीकडे जमलेलं आहे, पुढे जाऊ नका. वर माझा नंबर.

"का गं?" काकीचा आवाज आधी बारीक होता. "काय वाईट केलं हुतं आमी तुझं? ताटात कवा कमी वाढलं?"

"मी नाही केलं," मी म्हणाले.

"मग फोन आपसूक बोलला व्हय?"

मी ताईकडे पाहिलं. ती उभ्या गौरीला साडी नेसवत होती. निऱ्यांना लावायच्या टाचण्या तिने ओठांत धरल्या होत्या. मी वाट बघितली. तिने एक एक टाचणी काढून निऱ्यांना लावली, अगदी नीट, शेवटची लावली, आणि मग म्हणाली, "आई, तिला बोलू नगंस. तिनं चतुर्थीला चंद्र बघितला. मी डोळ्यांनी बघितलंय."

"आगं बया!" आत्याने पदर हातात घेतला. "मग हा आळच की! पोरीवर आळ आला!"

आणि गंमत म्हणजे घर शांत झालं. कुणीतरी उकळत्या भांड्याखालचा जाळ ओढावा तसं. काकी पुन्हा पुरण वाटायला बसली. आळ म्हणजे खोटा आरोप, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. आरोप खोटा असेल तर मेसेज दुसऱ्या कुणीतरी केला असणार, हा त्याच्यापुढचा प्रश्न. तो त्या भरल्या घरात एकानेही विचारला नाही, माझ्या आईनेही नाही. आत्याने मला पाटावर बसवून चंद्राचा दोष उतरवायची कहाणी ऐकवली. "देवालासुद्धा चुकला न्हाई आळ," ती मायेने म्हणाली. देवाने रानात जाऊन खरं काय ते शोधून आणलं होतं. मला कुठे जायची गरज नव्हती. खरं माझ्यापासून दोन हातांवर, केळीच्या पानांवर मीठ-लिंबू वाढत होतं.

काका अंगणात पुन्हा फोनवर बोलत होते. मला सगळं ऐकू येत होतं. "पुतणी हाय आमची, सांगलीची. पोरकटपणा केला तिनं. इंग्रजी शाळंतली पोरं, त्यास्नी कुठं काय कळतंय."

पुढचा महिनाभर मी चंद्र बघितला. सांगलीला परत आल्यावर अभ्यास होत नव्हता, आणि ज्याच्यावर सगळ्यांनी ढकललं होतं तो आहे तरी कसा, हे एकदा बघावं असं वाटलं.

आधी तो अर्धा होता. दुपारी चार वाजता, कॉलेजातून येताना, पूर्वेला विरघळत्या पापडासारखा पांढरा. मला तोवर वाटायचं चंद्र रात्रीचा असतो. रस्त्यावर एकही माणूस वर बघत नव्हता. मग तो फुगत गेला, रोज मागच्या दिवसाहून थोडा उशिरा येत राहिला, आणि पौर्णिमेला बरोबर सूर्य बुडताना मिरजेच्या बाजूने वर आला, मोठा, गढूळ, विटकरी. त्या संध्याकाळी आई फोनवर कुणाशी तरी हळू बोलत होती. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पितरं लागली, मुलाची सुट्टी संपली, आणि ते स्थळ कुणी न मोडता मोडलं.

मग संकष्टी आली. आई बाबांसाठी संकष्टी धरते, चंद्र उगवल्यावर जेवते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चंद्रोदयाची वेळ फक्त त्याच एका दिवसाच्या चौकोनात छापलेली असते. बाकीचे दिवस तो कधीही उगवो, कुणाचं जेवण त्याच्यावर अडलेलं नसतं. आम्ही दोघी टेरेसवर गेलो. ढग होते. वेळ झाली, टळली.

"चल, झाला चंद्रोदय," आई म्हणाली.

"दिसला कुठे?"

"दिसायलाच पाहिजे असं थोडंच आहे? त्याची वेळ झाली म्हणजे तो आलाय."

मी तिच्याकडे बघत राहिले. ढगाआडच्या चंद्रावर तिचा एवढा भरवसा होता. मी म्हणाले, "आई, मी तो मेसेज केला नाही."

"मला माहितीये," तिने लगेच म्हटलं. "तू नाही केलास. मला पहिल्या दिवसापासून माहितीये."

"मग काकांना सांग ना."

ती बराच वेळ ढगांकडे बघत राहिली. "बघू," म्हणाली. मग सोबत आणलेल्या नैवेद्याच्या ताटाभोवती पाणी फिरवून तिने अदमासाने पूर्वेकडे हात जोडले.

त्यानंतर चंद्र उशिरा उशिरा येऊ लागला आणि माझ्या हातून सुटला. तो सापडायचा सकाळी. बसस्टॉपवर उभी असताना डोक्यावर, नंतरच्या दिवसांत पूर्वेकडे सरकत गेलेला, सूर्य उगवल्यावरही जायचं विसरलेला. मोबाइलवर मी रोज त्याच्या उगवण्या-मावळण्याच्या वेळा बघायचे. एका तारखेला उगवण्याच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. मला वाटलं काहीतरी बिघडलंय. मग कळलं, महिन्यात एक तारीख अशी येतेच. आदल्या दिवशी तो मध्यरात्रीच्या थोडा आधी उगवलेला असतो, पुढच्या वेळी मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, आणि मधली तारीख रिकामी जाते. त्या दिवशीही तो आकाशात होताच, मी बघितला. आपण दिवसाच्या सीमा जिथे आखल्या त्यांच्या मधून तो निसटला, एवढंच. हजेरीत मात्र त्याचा खाडा पडला. मला तो त्या दिवशी फार जवळचा वाटला, आणि हे कुणाला सांगायचं म्हटलं, तर जिला सांगितलं असतं तीच उरली नव्हती.

सर्वपित्रीच्या सुमाराला ताईचा फोन आला.

"रागावलीस व्हय गं?"

"हं."

"माझ्या फोनवरनं केलं असतं तर बाबांनी मला विहिरीत ढकललं असतं. तू काय, शिकतीयास, उद्या पुण्याला जाशील. तुला कोण काय करणार?" मग म्हणाली, "तू बोलली न्हाईस तवा. लय उपकार झाले बघ."

मी बोलले नाही ते तिच्यासाठी नव्हतं. मला मराठीत एवढं मोठं वाक्य भरल्या घरात उच्चारता आलं नव्हतं. पण तिने ते उपकारात मांडून टाकलं होतं. मी फोन ठेवला. त्या संध्याकाळी आकाशात काहीही नव्हतं, आणि ते बघायलाही मी वर गेले होते.

पुढच्या वर्षी तिचं लग्न वडूजच्या त्याच मुलाशी झालं. मध्यस्थाकरवी रीतसर स्थळ आलं, काकांनी आढेवेढे घेतले आणि हो म्हटलं. आई लग्नाला गेली. माझी परीक्षा होती, म्हणजे तसं आम्ही सांगितलं. गौरीला मला कुणी बोलावेना. "काकांचा राग अजून आहे," आई म्हणायची, "जाईल हळूहळू." मी पदवी घेतली, कुपवाडला एका लहान कारखान्याच्या ऑफिसात लागले. पुण्याला गेले नाही.

यंदा ग्रुपवर चंद्रदर्शनाचा मेसेज पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी ताईने फोन केला. "गौरीला ये सई. मी बी माहेरी आलीया. सगळे विसरलेत आता."

"काय विसरलेत?" मी विचारलं. "मी केलं होतं हे, की मी केलं नव्हतं हे?"

"तू तर वकीलच झालीस की," ती हसली. "ये गं. पोरीला तुला दाखवायचीया."

मी गेले. चार वर्षांत एकदा तरी त्या घरात कुणीतरी म्हणावं, सईने ते केलं नव्हतं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी कुणी रडायला नको होतं की माफी मागायला नको होती. आईला मागे बसवून स्कूटर चालवताना मी ते वाक्य निरनिराळ्या माणसांच्या आवाजात म्हणून बघत होते. काकीच्या आवाजात ते सगळ्यात बरं वाटलं.

"आली का सांगलीची मॅडम!" काकीने दारातच भाकरतुकडा ओवाळला. "किती वाळलीस गं. कुपवाडात जेवायला देत न्हाईत व्हय?" सगळे हसले. मीही हसले. ताईने कडेवरची पोर माझ्या हातात दिली आणि तिला म्हणाली, "ही तुझी मावशी. लय गुणी. कुणाचं कुणाला सांगत न्हाई." ती हे म्हणाली, सगळ्यांसमोर, हसत. पोरीने माझं कानातलं धरलं. मी ते सोडवून घेण्यात बराच वेळ लावला.

पंगतीला पानं कमी पडली म्हणून मला परसात पिटाळलं. काका विळ्याने केळीची पानं कापत होते. दुपार कलत होती, भिजल्या उसाचा गोड, कुबट वास होता, आणि उसाच्या शेंड्यांवर अर्धा चंद्र स्वच्छ दिसत होता. काकांनी मला बघितलं. मग टोपी काढली, पुन्हा घातली.

"बरं केलंस आलीस," ते म्हणाले. "झालं गेलं गंगंला मिळालं. मी काय मनात ठेवलेलं न्हाई पोरी. तवाच माफ केलं तुला."

मला वाटलं होतं माझा आवाज फुटणार नाही. फुटला.

"काका, मी तो मेसेज केला नव्हता."

त्यांनी विळ्याला लागलेला चीक पानावर पुसला. "ठाव हाय," ते म्हणाले.

काकांनी कापलेली पानं एकावर एक रचली.

"तवाच ठाव हुतं. तुझ्या आईनं पुनवंच्या सांजंला फोन केला हुता. मग पल्लीला कोपऱ्यात घेऊन विचारलं. रडली ती. सांगितलं समदं."

पुनवेची संध्याकाळ. म्हणजे संकष्टीला आई टेरेसवर "बघू" म्हणाली तेव्हा तिचं सांगून झालेलं होतं. बोलून, ठरवून, मिटवून ती ढगाकडे बघत उभी होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय?" त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता. "तिचं नाव भाईर गेलं असतं तर कुणी पदरात घेतली असती तिला? वडूजकरांनी तरी? तू सांगलीत, शिकलेली. तुझं नाव हितं कोण घेतंय? आन् आळच हुता की तो. आळ खोटाच असतोय, समद्यास्नी ठाव असतंय." ते माझी समजूत काढत होते. आवाजात माया होती, तीही खरी होती.

आत टाळ्या वाजू लागल्या होत्या. गौरीची आरती सुरू झाली होती, आणि आईचा आवाज त्यात वेगळा ओळखू येत होता.

"काका, मला एकटीला तरी सांगायचं होतं."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "सांगितलं असतं तर गप बसली असतीस व्हय?"

"बसले असते," मी म्हटलं.

काकांनी पुढचं पान कापायला विळा उचलला आणि तसाच हातात धरून उभे राहिले.